पंचवीस रुपये, जेवण सोडून

दिनकर प्लंबरने पंचवीस रुपये सांगितले तेव्हा कमलाक्षीला वाटलं, हा माणूस नळ दुरुस्त करायला आलाय की नळासकट घर विकत घ्यायला?

"पंचवीस?" तिने पुन्हा विचारलं. ऐकलेला आकडा दुसऱ्यांदा विचारला की थोडा खाली उतरतो, असा तिचा बाजारातला अनुभव होता.

"पंचवीस, मावशी," दिनकर म्हणाला. आकडा जागचा हलला नाही.

गोवा घटक राज्य झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमोणे गावच्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, नळ आले. त्या दिवसांत तिंट्यावर, म्हणजे गावच्या तिठ्यावर, राजभाषेवरून रोज संध्याकाळी रणकंदन चालायचं. कोकणीवाले आणि मराठीवाले एकाच बाकावर बसून एकमेकांचे बाप काढायचे, आणि दोघेही ते कोकणीतूनच काढायचे. कमलाक्षीला त्या वादात रस नव्हता. तिला दोन्ही भाषांत घासाघीस करता येत होती आणि तिच्या मते भाषेचा खरा उपयोग तोच. तिचा नवरा सगुण नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला होता. त्याने न्हाणीच्या छपरावर सिमेंटची टाकी बसवून घेतली आणि तिथून एक पाइप सैपाकघरात आणला. त्या पाइपाच्या तोंडाला लावलेला पितळी नळ कमलाक्षीने इतक्या जणांना फिरवून दाखवला, की वर्षाच्या आत तो गळायला लागला यात नवल नव्हतं.

गळका नळ म्हणजे नुसती टिपटिप नव्हे. पाणी सकाळी एकदाच यायचं. टाकी भरायची आणि दुपारपर्यंत थेंबाथेंबाने रिकामी व्हायची. मग कमलाक्षी पुन्हा कळशी घेऊन विहिरीच्या वाटेला. नळ असून पाणी वाहायचं म्हणजे घरात जावई असून दळण आपणच न्यायचं. म्हणून डिचोलीहून दिनकरला बोलावलं होतं. दिनकर गडहिंग्लजकडचा, विशी ओलांडलेला, अंगाने सडपातळ आणि बोलायला सरळ. त्याच्याशी कमलाक्षी शाळेतल्या पुस्तकातल्या मराठीत बोलायची. चार इयत्ता शिकली होती, त्या अशा वेळी उपयोगाला यायच्या.

"वायसर केवढ्याचा?" तिने विचारलं.

"आठ आणे."

"मग वरचे साडेचोवीस कसले?"

"यायचं, जायचं, पाना घेतलाय त्याचं. आणि रोज काम मिळत न्हाई, त्या दिवसांचं."

"तुला काम नाही त्या दिवसांचे पैसे मी देऊ?"

"मग कोण देणार, मावशी?" दिनकरने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं असावं असा त्याचा चेहरा होता.

कमलाक्षीने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते त्या मान हलवण्यावरून ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दिनकरने तो होकार धरला आणि पाना काढला. चुलीवरच्या भाताला उकळी यायच्या आत नळ गळायचा थांबला. शेतात दिवसभर कंबर मोडून लावणी केली तर बाईला पंधरा रुपये आणि दुपारचं जेवण मिळायचं. आणि हा उकिडवा बसून दोन पिळे देतो आणि पंचवीस घेतो! कमलाक्षीच्या डोक्यात ते काही केल्या मावेना.

जेवायची वेळ झालीच होती. तिने दिनकरला बसवून वाढलं. बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, सोलकढी, तोंडाला तोर, म्हणजे खारवलेली कैरी. गड्याने कोल्हापुरी माणसासारखं आधी माशाकडे संशयाने पाहिलं, मग काटे बाजूला काढत काढत ताट स्वच्छ केलं आणि दुसऱ्यांदा भात मागितला. कमलाक्षीने हात सैल सोडून वाढला. आणि तो हात धुऊन आला तेव्हा तिने त्याच्या हातावर सतरा रुपये ठेवले.

"आठ कमी हायती," तो म्हणाला.

"जेवणाचे वजा केले."

आता हे कमलाक्षीने आपल्या मनाचं काढलेलं नव्हतं. आमोण्यात कामाला आलेल्या गड्याला दुपारी उपाशी पाठवायचं नाही, हा रिवाज. आणि जेवण मजुरीत धरायचं, हाही तितकाच जुना रिवाज. फक्त गडी ठरवतानाच 'जेवण धरून' की 'जेवण सोडून' ते बोलून घ्यायचं असतं. कमलाक्षीने ते बोलून घेतलं नव्हतं. विसरून नव्हे, मुद्दामच.

दिनकर भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, कारण भांडणात कमलाक्षीला हरवणारा त्या वाड्यावर जन्मला नव्हता. त्याने सतरा रुपये खिशात घातले, पाना पिशवीत टाकला आणि उंबऱ्यात चपला घालताना म्हणाला, "मावशी, पाव्हणा म्हणून वाढताय की गडी म्हणून, तेवढं आधी सांगायचं. म्या दुसरा भात मागितला नसता."

त्या संध्याकाळी कमलाक्षीने आठ रुपये कसे वाचवले त्याची कथा वाड्यावर चार घरी सांगितली. बायकांनी तिची पाठ थोपटली. ट्रकवाल्या कृष्णनाथाची बायको शांता म्हणाली, "तुजेकडे कोणाचें कांय चलना गे!" कमलाक्षी खूश झाली. पण कथा सांगताना ती दिनकरचं शेवटचं वाक्य दर वेळी गाळायची, आणि गाळलेलं वाक्य घरी आल्यावर आठवायचं.

नळ श्रावणात पुन्हा गळायला लागला. याला कमलाक्षीच कारण होती. थेंब पडेल या भीतीने ती नळ असा करकचून बंद करायची की वायसर बिचारा चिरडून गेला. तिने डिचोलीच्या बसच्या कंडक्टरबरोबर दिनकरला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरने भर तिंट्यावर बस थांबवून उत्तर सांगितलं: "कमलाक्षीबाय, प्लंबर म्हणता, म्हाका भूक ना!"

सगळा तिंटा हसला. कोकणीवाले आणि मराठीवाले त्या दिवशी प्रथमच एका मुद्द्यावर एक झाले.

कमलाक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने सगुणची पेटी उपसली, गंजका पाना शोधून काढला आणि पदर खोचला. पावसाळ्यात बार्ज बंद असायच्या, म्हणून सगुण घरीच होता. तो म्हणाला, "अगे, तुका तें जमचें ना." एवढं म्हणायची खोटी, तिने नळाच्या डोक्याला पाना लावला आणि सगळा जीव एकवटून फिरवला.

डोकं निघालं. त्याच्यामागोमाग टाकीतलं सगळं पाणीही निघालं.

पाण्याचा फवारा सरळ चुलीवर गेला. लाकडं विझली, धुराने सैपाकघर भरलं, पिठाचा डबा तरंगायला लागला. सगुण हातात बालदी घेऊन नुसताच गोल गोल फिरत होता. शेजारच्या बायका दारात जमल्या आणि प्रत्येकीने एकेक सल्ला दिला. कमलाक्षीने पाइपाच्या तोंडावर दोन्ही तळहात दाबून धरले आणि ती तशीच उभी राहिली, नखशिखांत भिजलेली. त्या क्षणी तिला रडू येत होतं, आणि तेवढ्यात तिला बाप आठवला.

तिचा बाप मानस राखायचा. नदीकाठच्या खाजन शेतांना बांध असतो आणि त्या बांधात लाकडी दार असतं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये आणि शेतातलं जास्तीचं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून. त्या दाराला मानस म्हणतात. दाराची फळी कुजली की बाप ती बदलायचा, आणि लहानपणी कमलाक्षी बांधावर बसून ते बघायची. भरती असताना तो कधी दाराजवळ फिरकायचाही नाही. "आदी पाणी खंयसून येता तें बघ," तो म्हणायचा, "मागीर दाराक हात लाव." आधी पाण्याची वाट, मग दार. इतकी साधी गोष्ट! आणि मानशीवाल्याची पोर भर भरतीला दार उघडून बसली होती.

"टाकीर चड!" ती सगुणवर ओरडली. "वयलें भोंक बंद कर!"

सगुण छपरावर चढला. टाकीखालचा कॉक गंजून घट्ट बसलेला होता, म्हणून त्याने आपला पंचाच टाकीच्या भोकात कोंबला. पाणी थांबलं. बायका हळूहळू पांगल्या. कमलाक्षीने जमीन पुसली नाही, लुगडं बदललं नाही. ती त्या ओल्यातच बसली आणि नळाचं डोकं हातात घेऊन नीट पाहिलं. आत एक गोल रबर होतं, मधोमध फाटलेलं. एवढंच! मानशीच्या फळीला कडेने बाप चिखल आणि गवत बसवायचा, तसंच हे रबर. बसकणीवर नीट बसलं की पाणी गप्प.

तिने आपल्या जुन्या रबरी चपलेच्या टाचेतून तेवढाच गोल कापला. पहिला मोठा झाला, दुसरा वाकडा, तिसरा बरोबर बसला. सगुणने वरून पंचा काढला. तिने नळ बंद केला, हलक्या हाताने, आणि बघत बसली. थेंब जमला नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी जमला नाही. मग मात्र कमलाक्षी एकटीच त्या चिखलात बसून मोठ्याने हसली. लग्नानंतर इतकी कधी हसली नव्हती.

ही बातमी गावात फिरली. आधी शेजारणीचा नळ झाला, मग मावळणीचा, मग दूरच्या वाड्यावरचा. चतुर्थी होईपर्यंत कमलाक्षी गावची नळवाली झाली. कामाला गेली की पहिल्यांदा टाकीचा कॉक, मग नळ, हा क्रम ती आता झोपेतही चुकली नसती. दोन माडांचे नारळ विकून तिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवा पाना आणला, जोड गळू नयेत म्हणून सफेद्याची डबी आणली, ताग आणला, एक जास्तीचा नळही आणला. पाना कमरेला खोचून ती वाटेने निघाली की म्हाताऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या. ती त्यांना म्हणायची, "तुमचोय नळ गळटा, खबर आसा म्हाका."

पण पैसे? पैशांचं नाव कोणी काढत नव्हतं. कोणी नारळ द्यायचं, कोणी पडवळ, कोणी लोणच्याची बरणी. बहुतेक ठिकाणी तर "आता जेवूनच जा" म्हणायचे आणि जेवण झालं की विषय संपायचा. सगुण हसून म्हणायचा, "तुजी मजुरी पचली काय ना?" ती त्याच्यावर डाफरायची, पण आतून तिला ते लागायचं.

कारण कमलाक्षीला जन्मात कधी मजुरी मिळाली नव्हती. कष्ट आयुष्यभर केले होते. बापाच्या घरी शेतात राबली ते भाताच्या रूपाने बापाच्या कोठीत गेलं. सासरी लावणीला गेली तर तिचे पंधरा रुपये मुकादम सगुणच्या हातात द्यायचा, घरचा कर्ता म्हणून. सगुण चांगला माणूस, तो पैसे तिच्याकडेच आणून द्यायचा. पण ते त्याच्या हातातून यायचे. आपण काम केलं, त्याला दर होता, आणि तो दर समोरच्याने आपल्याच तळहातावर ठेवला, हे तिने एकदाही अनुभवलं नव्हतं. तिला ते हवं होतं. का हवं होतं ते कोणी विचारलं असतं तर ती त्याच्यावर खेकसली असती, पण हवं होतं.

शिगम्याच्या आधी शांताकडचे दोन नळ झाले. ट्रकवाल्यांचं घर मोठं, टाकी मोठी, नळही जाडजूड. कमलाक्षीचा अर्धा दिवस गेला. शांताने सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, हुमण वाढलं, आग्रहाने वाढलं. कमलाक्षीने पुन्हा भात मागितला. मग पान उचलून, हात धुऊन, ती जरा घुटमळत म्हणाली, "शांता, मजुरीचें कितें?"

शांताने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि पाच रुपयांची नोट घेऊन आली. "जेवलीस न्ही? तें वजा केल्यार कितलें उरता?" ती गोड हसून म्हणाली. शांताच्या मनात काही वाईट नव्हतं. तो हिशेब ती कमलाक्षीकडूनच तर शिकली होती.

कमलाक्षीने ती नोट घेतली नाही. ती बांधावरून घरी चालत आली, आणि त्या भाताचं एकेक शीत तिच्या घशात परत येत होतं. 'म्या दुसरा भात मागितला नसता.' आता कुठे ते वाक्य तिला पुरतं कळलं. आठ रुपयांचं त्याला दुःख नव्हतंच. आपण पाहुणे म्हणून पोटभर जेवलो आणि समोरचा घास मोजत होता, याचं होतं. जिचं जळतं तिलाच कळतं, आणि कमलाक्षीचं त्या दिवशी चांगलंच जळलं.

दुसऱ्या दिवशी तिने तिंट्यावर उभं राहून जाहीर केलं: "आजपासून नळाचें काम पंचवीस रुपया. जेवण सोडून."

तिंट्याला हसायला पुन्हा एक निमित्त मिळालं. पंचवीस! बाईमाणसाला! शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? कृष्णनाथ सगळ्यांत मोठ्याने हसला. "हांव नळाक सोडण लावीन, पूण पंचवीस दिवचों ना," तो म्हणाला. सोडण म्हणजे नारळाचं साल. आणि माणूस बोलला तसं वागलाही. महिन्याभराने त्याच्या अंगणातल्या नळाचं तोंड पाइपातून सुटलं, तेव्हा त्याने सोडणाचा एक दांडगा तुकडा ठोकून पाइप बुजवला आणि चार लोकांना नेऊन दाखवला. सोडण फुगलं, पाणी थांबलं. फुकटात काम झालं म्हणून त्याची छाती सोडणापेक्षाही जास्त फुगली.

कमलाक्षीला कोणी बोलावेना. पाना खुंटीला लटकला. सगुण एकदा हळूच म्हणाला, "दहा म्हण गे. दहा दितले लोक." कमलाक्षीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तसाच उठून नदीकडे गेला. पण रात्री अंथरुणावर तिलाही वाटायचं, चुकलं की काय? तेव्हा तिला दिनकरचं दुसरं बोलणं आठवायचं: काम नसतं त्या दिवसांचं. आता तेही तिला बरोबर समजत होतं. ती दर उतरवायला तयार नव्हती.

वैशाखात कृष्णनाथाच्या मुलीचं, प्रियाचं लग्न निघालं. मांडव दारातच. पेडण्याहून वऱ्हाड येणार, पाचशे पान उठणार. आमंत्रण सगळ्या गावाला होतं, कमलाक्षीच्या घरीही शांता स्वतः अक्षत देऊन गेली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी आचाऱ्यांनी तांदूळ धुवायला घेतला आणि मांडवातला नळ उघडला. नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. सैपाकघरातला उघडला, तोही गप्प. टाकी काठोकाठ भरलेली आणि खाली एक थेंब नाही. विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ व्हायचं, त्याचा भात कोणी तोंडात घेतला नसता. डिचोलीला माणूस धावला, तर दिनकर जत्रेला गावी गेलेला. साखळी गावातला प्लंबर कुठे गेला होता ते त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. अडला हरी, म्हणतात तसा कृष्णनाथ कमलाक्षीच्या दारात आला. अंगात रेशमी सदरा, कपाळावर घाम.

"कमलाक्षी, चल गे बेगीन. पाणी बंद जालां. आचारी हात बांधून बसल्यात."

कमलाक्षी अंगण झाडत होती. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"येतां," ती म्हणाली. "पंचवीस रुपया. जेवण सोडून."

"आज लग्न म्हज्या घरांत! शेजारी न्ही आमी? जेवूंक सगळीं येतलींच तुमी."

"शेजारी म्हणून जेवूंक येतलें. अक्षत दिल्या तुज्या बायलेन. तें जेवण वेगळें, हें काम वेगळें."

वाटेवर माणसं थांबली होती. कृष्णनाथने आवाज चढवला. "बायलमनशाक पंचवीस? गांव हांसतलो म्हजेर!"

"हांसूं दी. हांसपी लोकांक पयलीं हात धुवूंक पाणी लागता."

कृष्णनाथ रागाने मागे वळला आणि निघून गेला. कमलाक्षीने झाडू पुन्हा हातात घेतला. पोरीच्या लग्नात अडवून धरलं म्हणून गाव आपल्याला आयुष्यभर बोल लावेल, हे तिला ठाऊक होतं. प्रिया तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली. 'जा, फुकट करून ये, पोरीचं लग्न आहे,' असं तिचं मन सांगत होतं. आणि तिने ठरवलंही, अंगणाचं टोक येईपर्यंत तो परतला नाही तर आपणच जायचं. ती टोकाकडे हळू, फार हळू झाडत गेली. टोक आलं नव्हतं, तोच कृष्णनाथ वळणावर पुन्हा दिसला. आता तो चालत नव्हता, धावत होता. "पंचवीस!" तो लांबूनच ओरडला. "पंचवीस, जेवण सोडून! चल!"

कमलाक्षीने पाना कमरेला खोचला.

मांडवात पाय ठेवला तेव्हा तिथे पन्नासेक माणसं होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. आधी टाकीचा कॉक. तो तिने स्वतः चढून बंद केला. मग पाइपाच्या मागावर चालत गेली, मधूनमधून पान्याने ठोकत आणि कान लावत. अंगणातल्या बुजवलेल्या तोंडाशी येऊन थांबली. सोडण बाहेरून दिसतच नव्हतं.

"हांगा सोडण आशिल्लें तें खंय गेलें?" तिने विचारलं.

कृष्णनाथ आपल्या रेशमी सदऱ्याची बटणं तपासायला लागला. मग एक आचारी म्हणाला की काल चुलाण मांडताना त्याला धक्का लागला होता, म्हणून त्याने ते दगडाने ठोकून आणखी आत घातलं. कमलाक्षीने पुढचं वळण पान्याने सोडवलं. आत सोडणाचे फुगलेले तंतू गच्च बसले होते. त्याच वळणावरून मांडवाला आणि सैपाकघराला पाणी जायचं. तिने छत्रीची तार वाकवून आकडा केला आणि ते ओढून काढायला लागली. आधी थोडे तंतू निघाले, मग एक जुडगा, मग शेवटी बोटाएवढा ओला गठ्ठा सुळकन बाहेर आला. वळण पुन्हा बसवलं, पिळ्यांवर ताग गुंडाळला, सफेदा लावला. पाइपाच्या उघड्या तोंडाला तिने आपला जास्तीचा नळ बसवला. "नळाचे पैशे वेगळे," ती वर न बघता म्हणाली. मग छपरावर चढली आणि कॉक उघडला.

पाइप आधी खोकला. मग मांडवातला नळ भळाभळा वाहायला लागला. आचाऱ्यांनी आरोळी ठोकली, पोरं पाण्याखाली नाचायला लागली, आणि आतून शांता धावत आली ती कमलाक्षीच्या गळ्यातच पडली. कृष्णनाथने पाच-पाचच्या नोटा काढल्या. वाटेवर बघणारा सगुण पुढे आला तेव्हा सवयीने त्याचा हात कृष्णनाथच्या हाताच्या दिशेने गेलाही. पण सगुणने हात मागे घेतला आणि कमलाक्षीकडे बोट दाखवलं. "मेस्त ती," तो म्हणाला. गोव्यात गवंडी-सुतारासारख्या कसबी माणसाला मेस्त म्हणतात. बाईला त्या वाड्यावर तोवर कोणी म्हटलं नव्हतं.

कृष्णनाथने पाच नोटा कमलाक्षीच्या ओल्या तळहातावर एकेक करून ठेवल्या. नळाचे पैसे मागाहून. तिने मूठ मिटली. आणि तशीच मिटल्या मुठीने ती घरी गेली.

दुपारी ती आली ती हिरवं रेशमी लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून. घराचा आहेर सगुणने दिलाच होता. तरी ती मांडवात प्रियापाशी गेली आणि अकरा रुपये तिच्या हातात ठेवले.

"हे म्हजे," ती म्हणाली. "म्हज्या कमायेचे."

प्रिया वाकून पाया पडली. कमलाक्षी पंगतीत बसली, अगदी मधोमध. वाढपी भाताची घमेली घेऊन दुसऱ्यांदा आला तेव्हा तिने चार पानांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हांगा घाल. बरो ढीग करून घाल."

पुढच्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात ती दिनकरच्या गाळ्यासमोर उभी राहिली. दिनकर पाइपाला आटे पाडत होता. तिने आठ रुपये त्याच्यापुढे लाकडी मेजावर ठेवले. काही समजावून सांगावं असं घरून ठरवून आली होती, पण ते पुस्तकातल्या मराठीतही जुळेना.

दिनकरने पैशांकडे पाहिलं, मग तिच्या कमरेच्या पान्याकडे. लग्नाची कथा त्याच्यापर्यंत कंडक्टरने केव्हाच पोचवली होती.

"मावशी," तो म्हणाला, "आमोण्यात आता तुमचा दर काय?"

"पंचवीस. जेवण सोडून."

"मग त्यो खाली आणू न्हका. तुम्ही उतरला तर मलाबी उतरावं लागंल." त्याने आठ रुपये उचलून खिशात घातले, अगदी सहज, जसे एका प्लंबरने दुसऱ्या प्लंबरचे घ्यावेत. "आणि आमोण्याची कामं आली तर तुमच्याकडंच धाडतो. तिकडं यायला मला परवडत न्हाई."

कमलाक्षीने वायसरचं एक पुडकं विकत घेतलं, दोनदा भाव विचारून. आकडा उतरला नाही आणि या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही. चार पावलं गेली आणि परत आली.

"दिनकर, रविवारी आमच्याकडे जेवायला ये. काम काही नाही. पाहुणा म्हणून ये." मग तिला राहवलं नाही. "आणि दुसरा भात मागायचा. आताच सांगून ठेवते."